चुंदडीपुढचं पाणी

अकोट्याच्या नदीकाठच्या सोसायटीत माणसं गुडघाभर पाण्यात उभी राहून ‘जय माताजी’चा गजर करत होती. काल माताजीचा कौल सांगणाऱ्या बापूंनी जगदेवरावांच्या ओट्याच्या तिसऱ्या पायरीशी, कठड्याला लाल चुंदडी, देवीची ओढणी, बांधली, आणि विश्वामित्री नदी खरोखरच तिच्या बोटभर खाली थांबली. आज त्याच ओट्यावर बापू खुर्चीत विराजमान होते. नदीला दटावणाऱ्या या महापुरुषाला स्वतःचे पाय भिजलेले मात्र चालत नव्हते.

जगदेवरावांची पुतणी कौमुदी बोट ओढत, पाणी तुडवत आली ती त्यांच्या बायकोसाठी, येसूकाकूसाठी. काकू अंथरुणाला खिळलेली, तीही तळमजल्यावर. कौमुदी पूरनियंत्रण कक्षात नोकरीला होती. नदीच्या वरच्या अंगाला किती पाऊस पडला, तलावातून किती पाणी सुटलं, पात्र कुठे किती खोल, हे सगळं संगणकाला पुरवून कुठल्या गल्लीत किती पाणी चढेल त्याचा नकाशा काढायचा, हे तिचं काम. सकाळी वर पुन्हा पाऊस कोसळला होता. आता संध्याकाळी या घरात छातीभर पाणी येणार होतं.

“काका, बोट आणलीय. काकूला उचलू या.”

“आपण शिलेदारांची माणसं, घर टाकून पळत नाही,” जगदेवराव म्हणाले. “आणि बापूंचा शब्द आहे. तुझ्या मशीनला नदीचं मन काय कळणार?”

बापू डोळे मिटून म्हणाले, “चुंदडीनी आगळ पाणी नहीं आवे, दीकरी. माताजीनी रजा नथी.” चुंदडीच्या पुढे यायला पाण्याला माताजीची परवानगीच नव्हती म्हणे.

“मग आमची मागची गल्ली का बुडाली?” गर्दीतून एका बाईंनी विचारलं. “ती कोरडी राहील म्हणाला होतात!”

“तमारी श्रद्धा ओछी पडी.”

धान्य वाहून गेलेल्या बाईला हा श्रद्धा कमी पडली म्हणून सांगतो! कौमुदीच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. तेवढ्यात बापूंच्या चेल्याच्या हातातला मोबाईल तिला दिसला. पडद्यावर तिचाच नकाशा होता, कालचा. कार्यालयाने तो सगळ्यांसाठी खुला ठेवला होता, पण सोसायटीत कुणी उघडूनही पाहिला नव्हता.

तिने मोबाईल हिसकावून घेतला आणि गर्दीपुढे धरला. “हा बघा बापूंचा दृष्टान्त! या गल्लीत किती पाणी चढणार ते यात लिहिलंय, त्यावरूनच यांनी पायरी ठरवली. मागची गल्ली आम्ही चुकून कोरडी दाखवली होती. बापूंनीही कोरडीच सांगितली. माताजीसुद्धा नेमकी आमचीच चूक करते का?”

गजर थांबला. कौमुदीने आजचा नकाशा उघडला आणि बापूंच्या नाकासमोर धरला.

बापूंनी तो पाहिला. मग चुंदडीकडे पाहिलं. “हमणां आवुं छुं,” आत्ता येतो, असं पुटपुटत त्यांनी धोतर खोचलं आणि थेट कौमुदीच्या बोटीकडे धाव घेतली.

“उतरा खाली!” जगदेवराव गरजले. “आधी माझी बायको बसेल.”

चौघांनी काकूला गादीसकट उचलून बोटीत ठेवलं. संध्याकाळी पाणी ओटा ओलांडून तिच्या रिकाम्या पलंगावरून वाहत होतं.

निवारा केंद्रात जगदेवराव मान खाली घालून बसले होते. कौमुदीचा राग अजून उतरला नव्हता. “काका, माझाही नकाशा चुकतो. पण चुकला की मी तो दुरुस्त करते, आणि कसा काढला ते कुणीही विचारलं तरी सांगते. यापुढे जो येईल त्याला हेच विचारा: तुला हे कशावरून कळलं? नाही सांगितलं, तर त्याच्या भरवशावर काकूला पाण्यात ठेवू नका.”