जिन्याखाली मावेल असं

जिन्याखालच्या कपाटाचं दार बसेना. तिने ते गुडघ्याने रेटलं, खांद्याने रेटलं, लाडीगोडीनेही सांगून पाहिलं. पण जिन्याच्या उतारापाशी वरचा कोपरा अडायचा तो अडायचाच, आणि खाली दोन बोटं जातील एवढी फट राहायची. तीन शनिवारांची मेहनत होती ती. शेवटी दार काखेत मारून ती मिस्त्रींकडे निघाली.

मिस्त्री दर शनिवारी आपल्या कारखान्यात हौशी मंडळींना सुतारकाम शिकवत. त्यांनी एक डोळा मिटून दाराकडे पाहिलं.

"बाई, मापं कशी घेतलीत?"

"गुण्या लावून. अगदी काटकोनात."

"दार काटकोनात आहे हो. घर नाहीये ना. पुठ्ठा घ्या, तिथे धरा, आणि जिना जसा आहे तसा कापून आणा."

"तयार कपाट घेतलं असतं तर सुटले असते."

"मग घ्यायचं होतं की."

"जिन्याखाली मावेल असं मिळत नाही," ती म्हणाली. ते खरंच होतं. पण शाळेतली कारकुनी संपल्यापासून संध्याकाळी घर खायला उठायचं, हे त्याहून खरं होतं.

घरात ती एकटीच होती असंही नाही. वरच्या मजल्यावर तिचा धाकटा भाऊ राहायचा. तोही एकटा. दोन वर्षं दोघांत अबोला होता. आई गेली त्या आठवड्यात तो म्हणाला होता, "ताई, तू तिला वेळेवर दवाखान्यात नेलं नाहीस." तिने विचारलं होतं, "आणि तू कुठे होतास?" दोघांचंही खरं होतं, त्यामुळे माघार कुणी घ्यायची ते ठरेना. तेव्हापासून तो जिना उतरून थेट बाहेर पडायचा आणि ती तेवढ्यापुरतं वर्तमानपत्रात डोकं घालायची. मनातल्या मनात ती त्याला 'वरचे साहेब' म्हणायची.

नव्या दाराचं काम तिने घरीच काढलं. जिन्यासमोर जुनं टेबल ओढलं. पट्टीला जीभ काढायची, दुसऱ्या पट्टीत तिच्या मापाचं भोक पाडायचं, मग एकमेकींत बसवून बघायचं. पहिली जीभ भोकात खुळखुळली. दुसरी आत शिरेचना. तिसऱ्या वेळी ती करवत चालवत असताना वरचे साहेब जिना उतरू लागले आणि मध्येच थांबले.

आता आवाजाची तक्रार येणार, असं वाटून तिने करवत थांबवली. जिना मध्यावर वळत होता. वळणापलीकडचा माणूस खालून दिसत नसे. तक्रार आली नाही. मग पावलं खाली आली, तिच्यासमोरून गेली, बाहेरचं दार लागलं.

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तिने मुद्दाम करवत थांबवली नाही, हात भरून आला तरी. वरही कुणी हललं नाही. तक्रार करायला आलेला माणूस इतका वेळ उभा राहत नाही, एवढं तिला कळलं. त्या रात्री जेवताना तिला उगाचच भूक जास्त लागली.

मग काम फार सुरेख होऊ लागलं. सांधे घट्ट बसले, रंध्याखालून कागदासारखे पापुद्रे निघाले, आणि रविवारी दार बिजागऱ्यांवर चढलं. एका बोटाने ढकललं की मिटायचं. मोडकं स्टूल, बादल्या, आईच्या दोन पेट्या, सगळं आत गेलं. पुढच्या शनिवारी मिस्त्रींनी फोटो पाहिला आणि म्हणाले, "आता तुम्हाला शिकवण्यासारखं माझ्याकडे काही नाही."

"असं नका हो म्हणू," ती म्हणाली, आणि तिचा आवाज चिरकला.

कारण आठवडाभर साहेब न थांबता उतरत होते. वळणावर पाऊल जराही रेंगाळत नव्हतं. थांबायला तिथे आता होतं काय? टेबल रिकामं होतं, आणि ती वर्तमानपत्र घेऊन बसत होती. सगळं आपल्याच हाताने संपवलं, याचा तिला मनापासून राग आला.

सोमवारी संध्याकाळी तिने उरलेल्या लाकडातला एक तुकडा टेबलाला आवळला. त्याची कशासाठीच गरज नव्हती. तरी तिने रेघा आखल्या, नीट, पेन्सिलीला टोक काढून, आणि जीभ कापायला घेतली.

थोड्या वेळाने वरचं दार उघडलं. पावलं वळणापर्यंत आली, थांबली. तिने मान वर केली नाही. एक बाजू कापून झाली, तुकडा उलटा करून दुसरी झाली, आणि भुसा तिच्या पावलांवर साचत गेला.

मग वळणावरची पायरी हळूच करकरली. अंगाचा सगळा भार टाकून, भिंतीला टेकून कुणी बसतं, तशी.

तिने उरलेल्यांतली सगळ्यांत लांब फळी ओढून टेबलावर घेतली.