वेशीबाहेरचा तांडा

नव्या वर्षाच्या तोंडावर शी वानफूचा उंटांचा तांडा गोबीचं वाळवंट ओलांडून चांगजियाकोच्या उत्तर वेशीपाशी पोचला, तेव्हा वेस भरदुपारी बंद होती. बाहेर हुकूम डकवला होता: तांड्यात साथ आहे, आत घेऊ नये.

“कसली साथ?” वानफू ओरडला. तांड्यातले म्हातारे पांगकाका तेवढे आजारी होते. बर्फात त्यांचा पाय काळा पडला होता, आणि काळ्या पायाची कुणाला लागण होत नाही.

खरी गोष्ट बाजारात सगळ्यांना ठाऊक होती. नीएशेठच्या वखारीत गेल्या सालची कोल्ह्याची कातडी पडून होती आणि पेकिंगचे व्यापारी ती चढ्या भावाने उचलत होते. वानफूनं गोबीपलीकडच्या कुलुनहून आणलेली ताजी कातडी आत आली असती तर भाव कोसळला असता. म्हणून शेठनं ठाणेदाराला जेवायला बोलावलं आणि दुसऱ्याच दिवशी वेशीला अडसर पडला.

वेशीचा नाईक कौ देलिन. वानफूची बायको रुईलान ही त्याची सख्खी धाकटी बहीण. राळ्याच्या पेजेचं मडकं घेऊन ती आतल्या बाजूने आली.

“दादा, अडसर काढ.”

“वरचा हुकूम आहे गं, तायडे. माझी नोकरी जाईल.”

“पांगकाकांनी तुला खांद्यावर बसवून जत्रा दाखवलीय. त्यांचा पाय सडतोय. वैद्याला तरी सोड.”

“तोच जायला तयार नाही. शेठच्या घरचं औषधपाणी त्याच्याकडे आहे ना.”

“मग मला सोड.”

“बाहेर जाशील, पण परत आत घेता यायचं नाही. नीट विचार कर.”

“विचार तू कर. पगार तुला मिळतो.”

देलिननं खाली बघत वेशीच्या दारातली छोटी दिंडी उघडली. ती वाकून बाहेर गेली.

पांगकाका उंटाच्या पोटाला टेकून पडले होते. पेज ओठांना लागली तसे म्हणाले, “मीठ कमी पडलंय, सूनबाई. आणि वानफू, आत गेलास की माझ्यासाठी एकच बूट आण. दोनाचे पैसे देऊ नकोस.” वानफू हसायला गेला आणि त्याला रडू फुटलं.

सकाळी काका गेले.

त्यांच्यावर चादर पडते न पडते, तोच नीएशेठचा दलाल दिंडीतून बाहेर आला. “माल इथंच टाक. भाव आम्ही सांगू तो.”

“माणूस मेलाय इथं,” वानफू म्हणाला.

“म्हणूनच म्हणतो, लवकर उरक.”

उंटांचा चारा संपला होता आणि गड्यांना सणाला घरी जायचं होतं. वानफूनं मान डोलावली.

दुपारी वेशीची दोन्ही दारं सताड उघडली. तीच कातडी, त्याच उंटांवरून आत गेली. साथीचं नावही कुणी काढलं नाही. एका शिपायानं हुकूम फाडला आणि त्यात तंबाखू बांधली.

देलिन बाहेर आला. “दाजी, घरी चला. तुमच्या पोरी वाट बघताहेत.”

“काकांना उचलायला हात लाव,” रुईलान म्हणाली.

देलिन घुटमळला. “त्यांना... आत नाही नेता येणार. बाहेर मेलेला माणूस वेशीतून आणत नाहीत, तायडे. रीत आहे.”

“हुकूम संपला, आता रीत निघाली होय?” ती म्हणाली. “जा तू. उगाच उभा राहून थंडी खाऊ नकोस.”

टेकडीच्या उतारावर जमीन दगडासारखी गोठली होती. शेण जाळून ती मऊ करावी लागली, तेव्हा कुठं खड्डा झाला. रुईलान त्यानंतर भावाशी बोलली नाही. त्याच्या थोरल्या मुलीचं लग्न झालं, तेव्हा हिनं आहेर पाठवला. स्वतः गेली नाही.

वसंतात वानफू पुन्हा उत्तरेला निघाला. उंटांवर चहा नीएशेठचा होता, कारण दुसऱ्या कुणी माल दिलाच नाही. निघताना शेठ वखारीच्या दारात उभे होते. वानफूनं टोपी काढली आणि कमरेत वाकून त्यांना नमस्कार केला. रुईलाननं ते पाहिलं, आणि त्याच्या प्रवासाच्या भाकऱ्या फडक्यात आवळून बांधत राहिली.