आरपार भोकाचा ड्रायव्हर

"सांधा ओला असेल तोवर डोकं खाली, दांडा वर. आणि दिवसभर कुणी हात लावायचा नाही. तूसुद्धा नाही, सूनबाई."

कारखान्यात पाऊल टाकलं की मामंजींचा हा आवाज आजही माझ्या कानाशी येतो. कारखाना म्हणजे घरामागची पत्र्याची खोली. तिथे आम्ही गोल्फचे क्लब बनवतो. मामंजी गेल्यावर डोक्यात दांडा चिकटवून बसवायचं काम माझ्याकडे आलं, आणि नवेनवे बेत करायचं काम ह्यांनी स्वतःकडे घेतलं.

ह्यांचा ताजा बेत म्हणजे आरपार भोकाचा ड्रायव्हर. ज्यानं पहिला लांब फटका मारतात तो ड्रायव्हर. त्याचं डोकं एरवी बटाट्यासारखं फुगीर असतं. ह्यांनी त्यात मधोमध भोक ठेवलं, पार कडं करून टाकलं. वारा आतून निघून जाईल आणि क्लब जोरात फिरेल, असं ह्यांचं म्हणणं. "मधला भाग उंदरानं खाल्ला की काय?" असं दातांच्या डॉक्टरांनी हसून विचारलं, आणि मग स्वतःच एक बनवून मागितला.

आज सकाळी ते जोडीनं येऊन तो घेऊनही गेले. मी कारखान्यातच पोथीच्या वाचनाला बसले होते. रोजचं वाचन पुरं होईपर्यंत मी बोलत नाही, हे सगळ्यांना ठाऊक आहे. डॉक्टरीणबाई माझ्याजवळ वाकून हळूच म्हणाल्या, "वहिनी, ह्यांना लांबचं दिसत नाही हो. चेंडू कुठे पडतो ते बघायला मला पुढे उभं करतात. हे तुमचं कडं धड आहे ना? काही शंका आली तर मला लगेच सांगाल?"

मी मान हलवली. त्या निर्धास्त होऊन गेल्या, पण माझं वाचनातलं लक्ष उडालं.

का, ते कळेना. वाचताना पुन्हा पुन्हा तीच ओळ येऊ लागली. डोळे सारखे समोरच्या खिळ्याकडे जात होते. तिथे डॉक्टरांच्या क्लबचा जुळा भाऊ लटकत होता. काल मी दोन्हींचे सांधे जोडले आणि ह्यांनी ते भोकातून खिळ्याला अडकवून टाकले. "भोकाचा आणखी एक फायदा बघ! क्लब उभे ठेवायचा घोडासुद्धा नको." मीही हसले होते. टेबल मोकळं झालं म्हणून बरंच वाटलं होतं.

आता नीट पाहिलं. डोकं वर, दांडा खाली. सांधा ओला असताना रात्रभर दांडा आपल्याच वजनानं सुटू पाहत होता. एरवीचा ड्रायव्हर असा टांगताच येत नाही, म्हणून ही चूक आमच्या घरात आजवर कुणाला करताच आली नव्हती.

उठून जवळ गेले. दांडा डोक्यात शिरतो तिथे एक काळी बांगडी असते. तिच्या आणि डोक्याच्या मधे केसाएवढी फट होती. मी नख घातलं. नख आत गेलं.

"अहो!"

हे दचकले. "झालं वाचन इतक्यात?"

"नाही झालं. हे बघा आधी."

ह्यांनी क्लब उजेडात धरला. "रंगाची रेघ आहे गं ती."

"नख जातंय."

"तुझी नखं वाढलीत. आणि डॉक्टर मारतात कसे? माश्या हाकलल्यासारखे. त्यांच्या हातून काय निघणार आहे!"

"पुढे डॉक्टरीणबाई उभ्या असतात."

हे क्लब घेऊन मागच्या अंगणात गेले. तिथे फटके मारून बघायची जाळी आहे. पकडीत धरून ओढून बघा, असं मी म्हणत होते, पण ऐकतील तर ते हे कसले! "मागे हो. अजून मागे," एवढंच म्हणाले. आवाज मात्र नेहमीचा नव्हता.

क्लब फिरला तसा भोकातून घुमल्यासारखा आवाज आला, रिकाम्या बाटलीत कुणी फुंकावं तसा.  चेंडू जाळीत जाऊन पडला.

"झालं समाधान?"

मी मान हलवली नाही. ह्यांनी आणखी एक मारला, तोही सरळ गेला. मी मनात देवाचं नाव घेतलं. हे हसले, पाय रोवून उभे राहिले आणि सगळा जोर लावून क्लब फिरवला.

घुमणारा आवाज अर्ध्यातच तुटला. हे भोवंडून गुडघ्यावर आले. चेंडू होता तिथेच होता. जाळी फाटली होती आणि तिच्यामागच्या पाण्याच्या टाकीतून, माणसाच्या छातीच्या उंचीवर, पाण्याची धार उसळत होती.

मी धावले. ह्यांच्या हाताला, तोंडाला, डोक्याला चाचपून पाहिलं. रक्त नव्हतं. हातात नुसता दांडा होता, टोकाला ओलसर चिकटा.

मी डॉक्टरीणबाईंना फोन लावला. बंद. मैदानावर फोन बंद ठेवावे लागतात. डॉक्टरांचाही बंद.

"मी जाते," मी म्हणाले.

"थांब. आता तिथे सगळे जमले असतील. चारचौघांत माझं हसं होईल. दुपारी ते घरी आले की मी स्वतः सांगतो."

"दुपारपर्यंत त्या पुढे उभ्या राहतील."

"अगं, तुझा आवाज शेजारच्या खोलीत पोचत नाही. तिथे तू कुणाला हाक मारणार?"

"जवळ जाऊन सांगेन."

ह्यांनी वर पाहिलं नाही. टाकीचं पाणी त्यांच्या पायांपर्यंत आलं होतं, तरी ते हलले नाहीत.

पोथीचं पुस्तक आत उघडंच राहिलं होतं. इतक्या वर्षांत ते असं अर्ध्यावर कधी राहिलं नव्हतं. त्याला दुरूनच हात जोडले आणि चपला पायात सरकवल्या. पलीकडच्या गल्लीत ठक् असं काही वाजलं आणि माझा जीव उडाला. कोणीतरी खिळा ठोकत होतं.

 सायकल भिंतीपासून दूर केली, फाटक न वाजवता बाहेर काढली, आणि मैदानाच्या चढाला लागले.