तुळजाबाईंचा वरचा दात

मित्रांनो, मी एक जुनी खुर्ची आहे. पण माझ्याकडे बोट दाखवून ‘बसा की निवांत’ असं आजवर कुणी पाहुण्याला म्हटलेलं नाही. मी दातांच्या दवाखान्यातली खुर्ची.

उमेदीची वर्षं माझी लातुरात गेली. प्राध्यापक, वकील, बँकेतल्या बाई, सगळे काही दुखत नसतानाच यायचे. ‘डॉक्टर, सहज बघून घ्या,’ म्हणायचे आणि जाताना माझ्या हिरव्या गादीचं कौतुकही करायचे. पुढे बटणावर हलणारी खुर्ची आली आणि माझी रवानगी जिन्याखाली झाली. धूळ खात पडले होते. तिथून डॉक्टर मनस्विनींनी मला जवळच्याच मुरुड गावी, आपल्या दवाखान्यात आणलं.

मुरुडात माणूस गाल धरूनच येतो. आधी लवंग, मग मिसरी, मग मेडिकलवरची गोळी, मग शेजारणीचा सल्ला. हे सगळे थकले की माझी पाळी. मी माणसाला बसण्यावरून ओळखते. कॉलेज केलेला पाठ टेकून ‘दात वाचेल ना?’ विचारतो. शाळा न पाहिलेला कडेवर बसतो, पाय खालीच ठेवतो आणि ‘लई दुखंल का?’ विचारतो. घाम दोघांच्याही हाताला सारखाच असतो, माझे दांडे साक्षीला आहेत. फरक एवढाच, की दात वाचतो हे एकाला कुणीतरी वेळेवर सांगितलेलं असतं.

तुळजाबाईंना कुणी सांगितलं नव्हतं. सून शिल्पा त्यांना घेऊन आली तेव्हा सूज डोळ्याखाली चढली होती. गोळ्यांनी ती उतरली. आता किडका दात काढायचा होता, नाहीतर सूज पुन्हा चढणार होती. पण तो दात होता वरचा. तुळजाबाईंनी पदर तोंडावर धरला.

“बाई, खालचे कितीबी काढ. वरचा न्हाई. वरचा काढला की नजर जाती.”

“कुणी सांगितलं मावशी?” डॉक्टरांनी विचारलं.

“सांगायला कशाला पायजे? आमच्या चुलतसासूचा काढला, अन् दुसऱ्या साली तिला भिंत दिसंना.”

“वय काय होतं त्यांचं?”

“असंल की ऐंशीच्या आतबाहेर.”

डॉक्टर हसल्या. तिथंच चुकलं. तुळजाबाई ताडकन उठल्या. डॉक्टरांनी घाईघाईनं भिंतीवरचं चित्र दाखवलं, दाताचं मूळ कुठं, डोळा कुठं, सगळं समजावलं.

“ती चित्रातली बाई माझी कोण लागती?” तुळजाबाई म्हणाल्या आणि चपला शोधू लागल्या.

मी फार माणसं अशी दारातून परत गेलेली पाहिली आहेत. ती पुन्हा येतात तेव्हा डॉक्टर हसत नाहीत. म्हणून माझा जीव टांगणीला लागला.

तेवढ्यात शिल्पा पुढं झाली. तिनं बोटानं स्वतःचा ओठ वर ओढला. “आत्या, हितं बघा.”

वरच्या बाजूला, मागं, एका दाताची जागा रिकामी होती. तुळजाबाईंचा डॉक्टरीण बाईंवर विश्वास नव्हता, तसा स्वतःच्या डोळ्यांवरही नसावा. त्यांनी सरळ सुनेच्या तोंडात बोट घालून चाचपलं.

“कवा काढला गं?”

“बी.ए.ला होते तेव्हा. लग्नाच्या आधी.”

“अन् बोलली न्हाईस?”

“बोलले असते तर तुम्ही मला करून घेतली असती का?”

“न्हाई. आंधळी सून कोण करून घेतंय?”

“मग आता सांगा, वाकळ शिवताना तुमच्या सुईत दोरा कोण ओवून देतंय?”

तुळजाबाईंनी चपलांचा नाद सोडला. मग माझ्यावर येऊन बसल्या. पाय वर घेतले. “हात सोडू नको बरं,” एवढंच म्हणाल्या आणि डोळे गच्च मिटले. माझ्या दांड्याला त्यांनी हात लावलाच नाही, सगळा जोर शिल्पाच्या मनगटावर.

दात निघाला. “झालं मावशी,” डॉक्टर म्हणाल्या. तरी डोळे उघडेनात. कापसाचा बोळा दाताखाली धरून बाई तशाच पडून राहिल्या. शिल्पाचा चेहरा उतरला.

मित्रांनो, तुमच्याही घरी असं कुणी असेल. हसू नका, रागावू नका, चित्रं दाखवू नका. दुखायच्या आधी हात धरून आणा आणि धरूनच ठेवा. बाकी मी सांभाळून घेते.

अखेर तुळजाबाईंनी एक डोळा किलकिला केला. मग दुसरा. सुनेचं तोंड नीट निरखलं आणि बोळ्याआडून बोबडं बोलल्या,

“टिकली वाकडी लावलीस की गं.”

आणि हात वर करून ती त्यांनीच सरळ केली.