पर्समध्ये मावेल असं लोखंड

“पावणं, चाकू घ्यायचा हाय का त्येचं लगीन लावायचं हाय?” बाळासो वैतागून म्हणाला. मंगळवार पेठेतल्या त्याच्या कटलरीच्या दुकानात शिवानंद केव्हाचा उभा होता आणि करंगळीएवढा एक चाकू उलटापालटा करून पाहत होता. त्यात पातं होतं, कात्री होती, चिमटा होता, बाटलीचं टोपण काढायची सोयही होती. जन्मभर कापडदुकानात बायकांना साड्या उलगडून दाखवणारा हा माणूस आज स्वतः गिऱ्हाईक झाला, तर दुकानदाराचा अंत पाहत होता.

“पर्समदी आपसूक उघडणार न्हाय न्हवं?”

“नख लावल्याबिगर उघडत न्हाय त्ये.”

शिवानंदनं चाकू रुमालात गुंडाळून जोरजोरात हलवला. उघडून पाहिला, तर मिटलेलाच होता. मग आवाज खाली आणून त्यानं विचारलं, “चुंबक हाय का? लोखंड हाय का न्हाय, बघायचं हाय.”

बाळासोचा वैताग एकदम उतरला. “घरात कोन पोटुशी हाय व्हय?”

“लेक.”

सुष्मिता शिक्षिका होती. नवरा नोकरीला बेळगावात, म्हणून ती आईबापांकडे राहून रोज एसटीनं शाहूवाडीकडच्या शाळेत जायची. मागच्या खेपेला सातव्या महिन्यात मूल पोटातच गेलं. डॉक्टरांनी कारण सांगितलं होतं, पण तिच्या आईच्या, रुद्राणीच्या, डोक्यात एकच बसलं: पोर जवळ लोखंड न घेता भरदुपारी रानावाटेनं गेली, म्हणून बाहेरची बाधा झाली. आता पुन्हा सातवा लागला होता. शिवानंद असल्या गोष्टी मानत नसे, निदान मागच्या वर्षापर्यंत तरी मानत नव्हता. पण दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. हल्ली नुसता फोन वाजला तरी तो हातातली साडी टाकून धावायचा.

रुद्राणीनं आधी घरातला अडकित्ताच लेकीला देऊ केला होता. सुष्मितानं तो हसत परत केला आणि बापाला म्हणाली, “आप्पा, पोरं म्हणत्याल, बाई सुपारी कातरत्यात!” त्या हसण्याचा शिवानंदला रागही आला होता आणि धीरही वाटला होता. पोर भीत नाही, म्हणजे भिण्यासारखं काही नसेल.

बाळासोनं चुंबक काढून दिलं. चाकू त्याला खट्‌कन चिकटला.

सकाळी बसस्टॉपवर शिवानंदनं तो लेकीच्या हातात ठेवला आणि घोकून ठेवलेली थाप मारली. “पेन्सिलींस्नी टोक करायला हुईल की. बारका हाय.” आता ती हसणार, म्हणून त्यानं मान खाली घातली.

सुष्मिता हसली नाही. चाकू मुठीत धरून तिनं हळूच विचारलं, “आप्पा, लोखंडच हाय न्हवं?”

“व्हय.”

तिनं तो पर्समध्ये टाकलाच नाही. पदराआड कमरेला खोचला, नीट बसला का ते चाचपून पाहिलं, पुन्हा चाचपलं आणि बसमध्ये चढली.

बस सुटली. शिवानंदला दुकानात जायला उशीर होत होता, पण त्याचे पाय उचलेनात. पोरीनं हसायला हवं होतं.