सवार दाजीची डावी रिकीब

माझ्या तळपट्टीच्या बाहेरच्या टोकाला नखाएवढी एक जागा आहे. तिथलं लोखंड बाकीच्या पट्टीपेक्षा दीड मिलिमीटरने पातळ आहे. ते कुणी घासून केलेलं नाही. एका माणसाच्या बुटाने तीन वर्षांत, रोज थोडं थोडं झिजवलेलं आहे.

मित्रांनो, मी एक जुनी रिकीब आहे. घोड्याच्या खोगिराला दोन्ही बाजूंनी चामड्याच्या पट्ट्यावर लोंबणारी, जिच्यात पाय अडकवून स्वार बसतो ती लोखंडी कमान. मी डाव्या बाजूची. भिवंडीत येऊन मला शंभर वर्षं होऊन गेली, पण इथे मला ओळखणारे थोडेच.

माझा जन्म कानपूरच्या एका कारखान्यातला. मला लाल होईपर्यंत तापवलं, ठोकलं, वाकवलं आणि तेलात बुडवलं. उजव्या बाजूची माझी जोडीदारीणही त्याच दिवशी घडली. पुढे पहिलं महायुद्ध लागलं आणि आम्ही दोघी एका रिसाल्यात, म्हणजे घोडदळात, दाखल झालो. आमचा सवार होता खारबावचा दाजी. तेव्हा दोन सवारांमागे एक सईस असे. तो घोड्याला खरारा करी, दाणापाणी बघे, सामान घासूनपुसून ठेवी. दाजीचा सईस हसन हा भिवंडीचा. घरापासून इतक्या दूर एकाच तालुक्याची दोन माणसं भेटली, म्हणजे त्यांचं सूत जमणारच.

हसन मला राखेने घासायचा आणि कुरकुरायचा, "दाजी, सगला भार डावीकडं टाकतोस. घोडा कंटाललाय तुला."

"घोडा मला कवा बोलला न्हाय," दाजी म्हणायचा. "तू त्याचा वकील हायेस का?"

वाळवंटातल्या एका लढाईनंतर घोडा एकटाच परतला. माझी जोडीदारीण कुठेतरी तुटून पडली होती. संध्याकाळी हसनला दाजी सापडला. त्याने आणि आणखी दोघांनी वाळूत खड्डा खणून त्याला निरोप दिला, पण त्याची नोंद कुठे झाली नाही. मग हसनने मला खोगिरावरून सोडवलं आणि आपल्या वळकटीत ठेवलं. मला खारबावला पोचवायचं, असं तो मला हातात धरून म्हणाला होता. ते त्याच्याखेरीज फक्त मीच ऐकलं.

त्याने शब्द पाळला नाही असं मी म्हणणार नाही. परत आल्यावर चौथ्या दिवशी तो मला फडक्यात गुंडाळून खारबावला चालत गेला. दाजीच्या घरी सरकारी पत्र आलं होतं, पण त्यात 'बेपत्ता' एवढंच लिहिलं होतं. दाजीची आई लहान नातवाला जवळ बसवून रोज दाजीचं ताट वाढत होती. तिने हसनला पाणी दिलं आणि विचारलं, "माजा दाजी कवा येल रं?"

हसनच्या तोंडून निघून गेलं, "येल, मावशी. मागनं येतोय."

एवढं बोलल्यावर फडकं कसं सोडणार? तो मला तसाच घेऊन परतला आणि पुन्हा त्या गावाच्या वाटेला गेला नाही.

भिवंडीत मी खुंटीवर टांगली गेले. लोकांनी विचारलं, तर हसन गप्प बसे. गप्प माणसाविषयी लोक आपल्या मनाने ठरवतात. हळूहळू मोहल्ल्याने हसनला सवार करून टाकलं. त्याच्या मुलाने ते मानलं, नातवाने दारावर घोड्याचा नाल ठोकला. 'घोडेस्वाराचं घर' अशी खूण झाली. नातसून शकिला नवी नवरी होऊन आली, तेव्हा आजारी हसनने फक्त तिला जवळ बसवून सगळं सांगितलं. "माज्याच्यानं झालं न्हाय. तू पोचव," एवढं बोलून त्याने डोळे मिटले.

शकिला अठरा वर्षांची होती. सासऱ्यांचा मान घराबाहेर ज्या गोष्टीवर उभा होता, ती गोष्ट खोटी आहे हे सांगणार कसं? पुढे घरात यंत्रमाग आले. एका मागाच्या बीमवर, म्हणजे ताण्याच्या धाग्यांच्या मोठ्या रुळावर, साखळीने वजन टांगतात. वजन कमी पडलं की ताणा सैल पडतो आणि कापड बिघडतं. तिथे नेमकं थोडं वजन कमी पडत होतं. मला खुंटीवरून काढून साखळीला अडकवलं. माझं वजन सहाशे ऐंशी ग्रॅम. ताणा सरळ झाला. "लूम बंद झाली की देऊ," शकिला मनाशी म्हणाली. लूम काही बंद पडली नाही. मी धुळीत, कापसाच्या उडत्या तंतूंत, दिवसाच्या आणि रातपाळीच्या खडखडाटात लटकत राहिले. कामाला येत होते, म्हणून मला दुःख नव्हतं. पण माझ्याकडे बघितलं की शकिला नजर वळवते, हे मला कळत असे.

या वर्षी शहरात महायुद्धांतल्या घोडदळाच्या सैनिकांच्या स्मरणार्थ लष्करी संचलन ठरलं आणि त्यासाठी घराघरांतून त्यांची नावं आणि जुन्या वस्तू मागवल्या. शकिलाचा मुलगा हारून मला साखळीवरून काढून घासायला बसला. मागांची दुरुस्ती बघणारा त्याचा जॉबर हसला, "हारूनभाई, घोडेस्वाराचा पणतू आणि स्कूटरवरून दोनदा पडलात."

"घोडा असता तर पडलो नसतो," हारून म्हणाला. त्याने पणजोबांचं नाव सवार म्हणून लिहून दिलं.

संचलनाच्या सकाळी मैदानात बँड सूर लावत होता. एक काळा घोडा रिकाम्या खोगिराने उभा होता. त्याच्या रिकिबींत उलटे बूट अडकवायचे होते, टाचा पुढे. स्वार परत आला नाही, अशी ती खूण. नावांची यादी माधवी नावाच्या एका तरुणीच्या हाती होती. "ज्याची रिकीब लावू, त्याचं नाव सर्वांत आधी पुकारणार," तिने हारूनला सांगितलं. मोहल्ल्यातले पंधरा जण मागे उभे होते. हारूनने मान ताठ केली. मी शकिलाच्या मांडीवर होते.

तेवढ्यात एक म्हातारी काठी टेकत टेबलापाशी आली. "मी आनंदीबाय, खारबावची. माजा आजा दाजी, सवार होता. त्याचं नाव घाला."

माधवीने यादी दोनदा पाहिली. "आजी, काही कागद आहे का? नाहीतर वस्तू?"

"कागदावं बेपत्ता लिवलंय. वस्तू काय आसंल? मानूसच आला न्हाय."

"मग नाव नाही घालता येणार, आजी. मला वाईट वाटतं."

"तुला कशाला वाईट? शंभर वरसं गेली, आनिक थोरी जातील," असं म्हणून आनंदीबाई निघण्यासाठी वळली.

मित्रांनो, मला तोंड असतं तर मी त्या क्षणी बोलले असते. तेल लावून, घासूनपुसून वस्तू टिकते हे खरं. पण ती कुणाची हे कुणी उच्चारलंच नाही, तर ती नुसतं लोखंड उरते. तुमच्या घरी अशी एखादी वस्तू असेल, तर तिच्या माणसाचं नाव आधी विचारून ठेवा.

शकिलाचा हात माझ्यावर घट्ट झाला. ती उठली. "अम्मी, बस, चक्कर येईल," हारून म्हणाला.

"हारून, मला माफ कर," ती म्हणाली. मग आनंदीबाईचा हात धरून तिने तिला टेबलापाशी परत आणलं आणि मला तिच्या तळव्यावर ठेवलं. मागचे पंधरा जण बघत होते. शकिला त्यांनाही ऐकू जाईल अशा आवाजात बोलली.

"माधवी बेटी, लिही. आमचा आजा सवार नव्हता, सईस होता. लढाईनंतर त्यानंच खारबावच्या दाजीला मातीआड केलं. ही रिकीब दाजीची हाय. आधी त्याचं नाव पुकारा, आनि संचलन संपलं की ही यांच्या घरी जाईल."