शेगडीबाबा आणि साठचा बल्ब

कोंबडीची पिल्लं उठली तशी शेडच्या दारातल्या गर्दीने हात जोडले. तासाभरापूर्वी जी एकमेकांच्या अंगावर ढीग करून माना टाकून पडली होती, ती आता भुशावर पळत होती, दाणे टिपत होती. मधोमध बाबा डोळे मिटून बसले होते आणि त्यांच्या पुढ्यात निखाऱ्यांनी भरलेली भलीमोठी शेगडी होती. ही शेगडी ते जातील तिथे घेऊन जात, म्हणून त्यांचं नावच शेगडीबाबा पडलं होतं.

"तुम्हाला वाटतं पिल्लं झोपतात," बाबा म्हणाले. "झोपत नाहीत, भितात. म्हणून एकमेकांत घुसतात. त्यांना दिसतं ते तुम्हाला दिसत नाही."

तसं ते बाबांनाही नीट दिसत नसावं. त्यांच्या सांगण्यात परवा एक मारक सावली उत्तरेकडून आली होती, काल जमिनीखालून. आज मात्र बाबांनी डोळे मिटूनच बोट रोखलं, ते नेमकं शेडच्या मालकीण मावशींच्या लेकीवर.

"ही घरात आली कधी? आणि पिल्लं मरायला लागली कधी? सूर्य मावळायच्या आत ही बाहेर गेली नाही, तर एक पिल्लू उरणार नाही. मग माणसांची पाळी."

कोंबड्या पाळण्यात मावशींचं आयुष्य गेलं होतं, पण असं मरण त्यांनी पाहिलं नव्हतं. रोज सकाळी मेलेली पिल्लं टोपलीत भरून न्यायची आणि खड्ड्यात पुरायची. बाबांना खोटं म्हणावं, तर लेक सासर कायमचं सोडून आली त्याच आठवड्यात हे सुरू झालं होतं, हे काही खोटं नव्हतं.

"थोडे दिवस पाठवू या तिला," त्यांचा नवरा भिंतीकडे बघत म्हणाला.

"कुठे?"

सासरच्यांनी कुलूप बदललं होतं आणि लेकीला या घराखेरीज दुसरं घर नव्हतं.

बाबा शेगडी उचलून पाहुणचार घ्यायला शेजारी गेले. लेक पिशवी भरू लागली.

"आई, त्यांचं खरं असलं तर? जाते मी."

मावशींनी तिच्या हातातला स्वेटर घेतला, घडी घातली आणि पिशवीत ठेवला. ठेवताना त्यांना स्वतःची किळस आली. तरी त्यांनी तो परत बाहेर काढला नाही.

तेवढ्यात जनावरांच्या डॉक्टरीणबाई आल्या. मेलेली पिल्लं मावशींनीच तपासायला त्यांच्याकडे पाठवली होती. "रोग काही नाही," त्या म्हणाल्या. "शेड बघते जरा."

शेडमध्ये पिल्लांचा पुन्हा ढीग झाला होता. "सावली परत आली," गर्दीत कोणीतरी पुटपुटलं. बाईंनी पिल्लांवर टांगलेल्या पत्र्याच्या टोपाखाली हात घातला आणि पेटलेला बल्ब सरळ मुठीत धरला.

"मावशी, धरा हा."

"अहो, भाजेल. साठचा आहे."

"धरा तर खरं."

मावशींनी भीत भीत बोट टेकवलं, मग सगळा तळवा. बल्ब जेमतेम कोमट होता. एवढी वर्षं उजेड आहे म्हणजे ऊब आहे असं धरून चाललेल्या मावशी त्या लख्ख बल्बकडे बघतच राहिल्या.

बाईंनी बल्बचं खोकं मागवलं. पुढच्या बाजूला ठळक साठ होते आणि त्याखाली मुंगीएवढ्या अक्षरांत 'इतका प्रकाश'. बाजूला नऊ वॉट लिहिले होते. बल्बच्या मानेवर तर सातच.

"एकाच बल्बचे तीन आकडे," बाई म्हणाल्या. "उजेड जुन्या साठच्या बल्बएवढा, पण वीज खातो सात नाहीतर नऊ, त्याचं त्यालाच ठाऊक. जुना बल्ब उजेड थोडा आणि ऊबच जास्त द्यायचा. त्या उबेवर पिल्लं जगत होती. ही गारठून मेलीत, आणि उबेसाठीच एकमेकांत घुसतात. हे बल्ब लावले कोणी?"

"मी," लेक म्हणाली. "जुने सारखे उडायचे. आईला स्टुलावर चढावं लागायचं, म्हणून येताना घेऊन आले."

"बघा," परत आलेले बाबा लगेच म्हणाले, "हिच्यामुळेच ना? मी वेगळं काय सांगत होतो?"

"ठीक आहे बाबा," बाई म्हणाल्या, "मग पिल्लं तुमच्या मंत्राने उठली की शेगडीने, तेही बघू."

बाईंनी शेडमध्ये पत्रा आडवा लावून पिल्लं दोन्हीकडे वाटली. एकीकडे बाबा बसले, शेगडीशिवाय. दुसरीकडे शेगडी ठेवली आणि तिच्याजवळ लेकीला बसवलं. ती हात मांडीत लपवून बसली, चुकून पिल्लाला लागू नयेत म्हणून.

बाबांनी घसा बसेपर्यंत मंत्र म्हटले. त्यांच्याकडचा ढीग हलला नाही. लेकीकडची पिल्लं मात्र एकेक करून सुटी झाली, शेगडीभोवती पांगली, आणि एक तिच्या पायावर चढून पिसं झाडू लागलं. बाबांना अचानक दुसऱ्या गावचं काम आठवलं. या वेळी शेगडी न्यायचंही त्यांना सुचलं नाही.

"म्हणजे मीच मारली ना, आई?"

"चूक झाली. तुझी झाली, आणि हात लावून बघितला नाही ही माझीही," मावशी म्हणाल्या. "माळ्यावर जुने बल्ब आहेत. चल, शिडी धर."

चूक सापडली की सुधारता येते. सावली कोणाला सापडत नाही, म्हणून तिच्यापायी माणसं घराबाहेर काढली जातात. त्या संध्याकाळी लेक गेली असती, तरी पिल्लं गारठून मेलीच असती, आणि बाबांचं बोट पुढच्या माणसाकडे वळलं असतं. तेव्हा सांगणं एवढंच, की चमत्कारापुढे हात जोडण्याआधी एकदा हात लावून बघा.

बल्ब बसवून झाल्यावर मावशी घरात आल्या आणि त्यांनी पिशवीतून तो स्वेटर बाहेर काढला. लेकीच्या अंगात घालताना तिच्या नजरेला नजर द्यायचं काही त्यांना जमलं नाही.